कुटुंबाच्या ग्रुपवरचा वाद आणि नऊ महिन्यांची लस

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ठाणे जिल्ह्यात राहतात व नोकरी करतात. त्यांची मुलगी पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांची होईल आणि तिला गोवर-रुबेलाच्या लशीचा पहिला डोस द्यायचा आहे. साडेतीन महिन्यांची असताना दिलेल्या पेंटाव्हॅलंट लशीनंतर तिला बराच ताप आला होता आणि मांडीवरची गाठ पुढे कित्येक दिवस हाताला लागत होती. त्याच सुमारास मोठ्या दिरांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लशींविरुद्धचा मजकूर पाठवायला सुरुवात केली. लशीमुळे मुलांना ऑटिझम होतो, बेळगावकडे गोवराच्या लशीने बाळे दगावली, सर्वोच्च न्यायालयानेच सक्ती चालणार नाही असे सांगितले, कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या मूळ कंपनीने दुष्परिणाम कबूल केले, असा हा मजकूर आहे. लेखिका प्रत्येक मजकुराला दुवे आणि आकडे देऊन उत्तर देतात, त्यातून खटके उडतात, आणि ‘आमच्या वेळी गोवर यायचा आणि जायचा’ असे म्हणणाऱ्या सासूबाईही दुखावल्या आहेत. गरोदर असलेली नणंद ग्रुपवर अवाक्षर बोलत नाही. आता पतीही ‘थोडे थांबू या’ म्हणू लागले आहेत. ग्रुप सोडावा का, पतींना न सांगता लस देऊन आणावी का, आणि दीड महिन्यावर आलेल्या गावच्या लग्नात दिरांशी कसे वागावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

तुमच्या लांबलचक पत्रातला बहुतेक मजकूर तुमच्या दिरांविषयी आहे. त्यांनी काय पाठवले, तुम्ही काय उत्तर दिले, त्यावर त्यांनी कोणती चित्रफीत पाठवली, हे सारे तुम्ही तारीखवार लिहिले आहे. पतींविषयी मात्र मोजकीच वाक्ये आहेत आणि त्यांतले एक तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ‘मला सकाळची ड्यूटी होती, त्यामुळे तापाच्या रात्री हेच तिला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत फेऱ्या मारत होते.’ मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला याच वाक्यापासून सुरुवात करावी.

तुम्ही असे गृहीत धरले आहे की पती दिरांच्या मजकुराला भुलले आणि म्हणून दिरांना खोडून काढले की पती आपोआप मार्गावर येतील. मला क्रम उलटा दिसतो. अंग तापलेले, किंचाळून रडणारे साडेतीन महिन्यांचे बाळ घेऊन रात्र काढलेल्या बापाच्या मनात एक धास्ती बसली. त्या धास्तीला कोणी नाव दिले नाही, कोणी तिची विचारपूस केली नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत ग्रुपवर तयार कारणे येऊन पडू लागली. भीती आधीपासूनच होती, फॉरवर्डने तिला शब्द पुरवले. असे असेल तर तुम्ही ग्रुपवर ऑटिझमविषयी कितीही चोख उत्तर दिले तरी पतींच्या मनातला प्रश्न अनुत्तरितच राहणार, कारण तो ऑटिझमचा नाहीच. ‘पुन्हा तशी रात्र आली तर?’ असा तो प्रश्न असावा. माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, म्हणून आधी त्यांनाच विचारा आणि विचारल्यावर थोडा वेळ काहीही न बोलता ऐका. ‘नेमकी कशाची काळजी वाटते?’ एवढाच प्रश्न पुरे. उत्तर येण्याआधी मोबाइल हातात घेऊ नका.

त्या रात्रीचे स्पष्टीकरण साधे आहे आणि ते तुम्हा दोघांना आधीच मिळायला हवे होते. पेंटाव्हॅलंट लशीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब (बाळांना न्यूमोनिया, मेंदूज्वर देणारा जंतुसंसर्ग) या पाच आजारांविरुद्धचे घटक एकत्र असतात. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ताप, किरकिर आणि टोचल्या जागी सूज येणे हे नेहमीचे आहे. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, गाठ मात्र काही आठवडे राहू शकते. ती चोळायची नसते, शेकायचीही नसते. आपल्या लसीकरण कार्यक्रमात आरोग्यसेविकेने प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, तिच्यामुळे काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना बरोबर आणायचे. रांग मोठी असली की पुढची तारीख आणि कार्ड तेवढे सांगितले जाते आणि त्रासाची गोष्ट नेमकी राहून जाते. खासगी दवाखान्यातही याहून फार वेगळे घडत नाही. माझ्या मते, लशींविषयीच्या घरगुती शंकांपैकी पुष्कळशा या न सांगितलेल्या एका वाक्यातून उगवतात. ताप येईल असे आधी सांगितले असेल तर आलेला ताप अपेक्षित वाटतो, सांगितले नसेल तर तोच ताप अपघात वाटतो.

म्हणून नऊ महिन्यांच्या भेटीत काय होणार आहे हे तुम्ही दोघांनी आधीच समजून घ्या. सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस डाव्या दंडावर आणि न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लशीचा बूस्टर मांडीत देतात. तोंडावाटे ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही देतात. म्हणजे एकाच भेटीत तीन सुया आहेत, हे माहीत नसलेला बाप दुसऱ्या सुईलाच बिथरेल. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा गालगुंडाचाही समावेश असलेली लस देतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोवराच्या लशीचा ताप पेंटासारखा त्याच रात्री येत नाही. तो येणार असेल तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, काही बाळांच्या अंगावर हलके पुरळही दिसते, आणि दोन्ही आपोआप ओसरतात. काही हजार बाळांमागे एखाद्याला या तापात झटका (आकडी) येऊ शकतो. तो पाहताना जीव घाबरा होतो, पण सहसा त्याचा मागे परिणाम राहत नाही. अत्यंत दुर्मीळ अशी तीव्र ॲलर्जी आलीच तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि म्हणूनच लस दिल्यावर केंद्रात अर्धा तास थांबायला सांगतात. तेव्हा ‘उशीर होतोय’ म्हणून निघून येऊ नका. तापाचे औषध वजनाप्रमाणे किती द्यायचे ते तिथेच विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या. तीन तासांहून अधिक न थांबणारे रडणे, झटका, श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काहीही दिसले तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यायचे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाला प्रतिकारशक्तीचा एखादा गंभीर आजार असेल किंवा आधीच्या एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर निर्णय तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

या भेटीआधी पतींना घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तुम्ही गप्प बसा. तुम्हाला ते जड जाईल, असे पत्रावरून दिसते.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे वळते. पुरेसे पुरावे दिले की माणूस मत बदलतो असे तुम्ही धरून चालला आहात, आणि दिरांना ते पुरेना म्हणून अधिक पुरावे देत आहात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतराशेहून अधिक पालकांना गोवराच्या लशीविषयी निरनिराळ्या प्रकारचा मजकूर दाखवला होता. लशीचा ऑटिझमशी संबंध नाही हे समजावणारा मजकूर वाचून त्या गैरसमजावरचा विश्वास कमी झाला, पण ज्यांचा लशीला मुळात विरोध होता त्यांची पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी उलट घटली. आजारी मुलांची छायाचित्रे दाखवल्यावर ऑटिझमचा गैरसमज वाढला, आणि गोवराने मरता मरता वाचलेल्या बाळाची हकिकत वाचल्यावर लशीचे गंभीर दुष्परिणाम होतात ही समजूत वाढली. तुम्ही ग्रुपवर पुरळ उठलेल्या बाळाचा फोटो टाकला आणि त्यानंतर वातावरण अधिकच तापले, याचे आश्चर्य वाटायला नको. भ्यालेल्या माणसाला आणखी भीती घातली की तो जे आधी धरून बसला होता तेच अधिक घट्ट धरतो.

याचा अर्थ पुरावे बाजूला ठेवायचे असा नाही. ते तुम्हाला स्वतःला नीट माहीत असले पाहिजेत, कारण या फॉरवर्डमध्ये खोट्याबरोबर खरेही मिसळलेले आहे आणि तुम्ही सगळेच खोटे म्हणून झटकता तेव्हा खरा भाग माहीत असलेल्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

बेळगावचेच घ्या. ते खोटे नाही. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बाळांचा मृत्यू झाला. लशीच्या कुप्या नियमाप्रमाणे न ठेवता एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि द्यायच्या वेळी द्रावणात मिसळतात. तिच्यात जंतू वाढू न देणारे द्रव्य नसते, म्हणून मिसळल्यावर ती चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली फेकून द्यावी लागते. हा नियम मोडून दूषित कुपीतली लस दिली तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. ती तीन बाळे हलगर्जीपणाने गेली, आणि त्यांच्या आईबापांच्या संतापाला ‘अफवा’ म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. आपल्याकडेही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजले गेले होते. मुले सुदैवाने बचावली. अशा घटना ज्याला आठवतात त्याला ‘सरकारी लस शंभर टक्के सुरक्षित’ हे वाक्य पटत नाही आणि पटू नयेही. त्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट वेगळी आहे: कुपी उघडल्यावर तिच्यावर वेळ लिहायची असते, ती पाहायला मागा. ‘सिस्टर, ही किती वाजता उघडली?’ असे विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या आरोग्यसेविकेला त्याचा राग येत नाही. हे काम पतींकडे सोपवा. धास्तावलेल्या माणसाच्या हाती पाहण्याजोगे काही दिले की त्याचे निम्मे बळ परत येते.

ऑटिझमची गोष्ट थोडक्यात संपते. १९९८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवर आधारित एक लेख आला, त्यातून ही शंका जगभर पसरली. त्यातली लबाडी उघड झाल्यावर २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी प्रमुख लेखकाचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही संबंध आढळला नाही. तरी समज टिकून आहे, याचे कारण ऑटिझमची लक्षणे आईबापांच्या लक्षात येतात ती बहुतेकदा दुसऱ्या वर्षात, आणि गोवराच्या लशीचे डोसही त्याच सुमारास असतात.

न्यायालयाच्या निकालाचे अर्धे वाक्य खरे आहे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबाबत म्हटले की कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, आणि लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांना पाहता याव्यात असेही सरकारला बजावले. त्याच निकालाने सरकारच्या लसीकरण धोरणात मात्र दोष काढला नाही आणि मुलांना कोविडची लस देण्याचा निर्णय जगभरच्या वैज्ञानिक मताला धरून असल्याचे नमूद केले. गोवराची लस देऊ नये असे त्यात कुठेही नाही. कोव्हिशिल्डचे म्हणाल तर २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांमुळे ज्यावरून गदारोळ झाला तो रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ दुष्परिणाम २०२१ च्या वसंतातच औषध नियामकांनी जाहीर केला होता आणि युरोपातल्या कित्येक देशांनी त्यावरून वयाच्या अटीही घातल्या होत्या. पुण्यात तयार झालेली ती लस आपल्यापैकी कोट्यवधींनी घेतली असल्याने धसका बसला, हे समजण्याजोगे आहे. पण गोवराची लस ही पूर्णपणे वेगळी आणि कितीतरी जुनी लस आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून आहे. तुमचे पती त्यानंतर जन्मले असतील तर त्यांनाही ती टोचली असण्याचा संभव आहे. सासूबाईंना विचारा.

सासूबाईंविषयी आणखी थोडे. त्यांच्या ‘यायचा आणि जायचा’ या बोलण्याला तुम्ही अडाणीपणा म्हटले आहे, ते मला रुचले नाही. अंगावर गोवर निघालेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवून, उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवून त्यांच्या पिढीने मुले सांभाळली आणि त्यांतली बहुतेक जगली, हा त्यांचा अनुभव खरा आहे. जी जगली नाहीत किंवा गोवरानंतरच्या न्यूमोनियाने गेली, त्यांच्याविषयी घरात फारसे बोलले जात नाही. ग्रुपवर तर नाहीच. त्यांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल व्रण असेल. एखाद्या दुपारी भाजी निवडताना त्यांना त्या व्रणाबद्दल विचारा, त्यांच्या माहेरी किती भावंडे होती आणि किती वाढली तेही विचारा. युक्तिवाद करू नका. त्यांना जे आठवेल ते तुमच्या पतींच्या कानावर त्यांच्याच तोंडून पडले तर फार बरे.

दिरांच्या रागाचे मूळही तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून टाकले आहे: कोविडच्या काळात नोकरी टिकवण्यासाठी त्यांना मनाविरुद्ध लस घ्यावी लागली होती. हा राग लशीवर दिसतो, पण तो बळजबरीचा आहे, आणि आपल्या मातीत असा राग नवा नाही. १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करणारे डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी प्लेगच्या तपासणीसाठी घराघरांत घुसून, देवघरापर्यंत जाऊन जो उच्छाद मांडला, त्याने प्लेगविरुद्धच्या सगळ्याच सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात विष कालवले. दिरांना ‘तुमच्यावर सक्ती झाली ते योग्य नव्हते’ असे तुम्ही एकदा तरी म्हटले आहे का? तुम्हाला ते पटत असेल तरच म्हणा. पण पटत असेल तर ते सांगितल्याने गोवराच्या लशीविषयीची तुमची बाजू तसूभरही कमकुवत होत नाही.

ग्रुप सोडू नका. म्यूट करा. दिरांशी तिथे वाद जिंकणे तुम्हाला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सर्वांसमोर मोठ्या भावाने धाकट्या भावजयीपुढे माघार घ्यायची, असा पेच तुम्ही नकळत निर्माण केला आहे आणि त्या पेचात कोणाचेही मत बदलत नाही. तिथले तुमचे खरे श्रोते न बोलणारे लोक आहेत, त्यांत तुमची नणंद पहिली. त्यांच्यासाठी एकच संदेश शांतपणे लिहा आणि नंतर उत्तर देणे थांबवा. लिहिताना खरी माहिती आधी द्या, गैरसमजाचा उल्लेख एकदाच करा, तोही खोडण्यापुरता, कारण तेच तेच वाक्य पुनःपुन्हा डोळ्यांखालून गेले की ते ओळखीचे होते आणि ओळखीचे ते खरे वाटू लागते. दिरांचा मूळ फॉरवर्ड उद्धृत करून त्याखाली उत्तर देण्याची तुमची पद्धत त्या फॉरवर्डलाच आणखी एक फेरी देते.

साधारण असे लिहिता येईल: ‘भाऊजी, तुम्ही बाळाच्या काळजीने हे पाठवता हे मला कळते. बेळगावची घटना खरी आहे, तिथे कुप्या नीट ठेवल्या नव्हत्या, म्हणून आम्ही कुपी उघडल्याची वेळ पाहूनच लस देणार आहोत. गोवर हवेतून पसरतो आणि लहान बाळांना तो जड जातो, म्हणून डॉक्टरांशी बोलून आम्ही वेळेवर लस द्यायचे ठरवले आहे. कोणाला आमचा अनुभव विचारायचा असेल तर मला फोन करा.’ यातला ‘आम्ही’ खरा असेल तेव्हाच हा संदेश पाठवा, म्हणजे आधी पतींशी बोलणे झाले पाहिजे. आणखी एक बारीक गोष्ट: दिर पाठवतात त्या मजकुरावर दुहेरी बाण दिसत असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, त्यांनी लिहिलेला नाही. तेव्हा मजकुराच्या लेखकाचा राग दिरांवर काढू नका. या खुणेवरून त्यांना ‘हे तुम्हाला कोणी पाठवले, मूळ लिहिणाऱ्याला ते ओळखतात का?’ असे एकांतात विचारता येईल. ग्रुपवर विचारलेत तर तो टोमणा होईल.

नणंदेला मात्र स्वतः फोन करा. तिने गरोदरपणात धनुर्वात-घटसर्पाची लस घेतली आहे का, ते विचारा. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणात घेत नाहीत, ही खबरदारी तिला सांगा. पण लस दिलेल्या बाळाच्या सहवासाने गरोदर बाईला धोका होतो, असे कोणी ग्रुपवर टाकले तर ते चूक आहे, हेही सांगून ठेवा. उलट रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा होऊ शकते, आणि भोवतालच्या मुलांना लस दिलेली असणे हेच तिच्यासारखीचे संरक्षण आहे.

आता पतींना न सांगता लस देण्याविषयी. केंद्रात एकट्या आईने बाळाला नेले तर कोणी अडवणार नाही, म्हणून हे करणे सोपे आहे. तरीही करू नका. नैतिक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा: ताप आला तर तो आठव्या-नवव्या दिवशी येईल, तेव्हा तुम्ही एकतर खोटे बोलाल किंवा त्या रात्री सारे उघड होईल. मग पतींच्या मनात लस, ताप आणि फसवणूक या तीन गोष्टी कायमच्या एकत्र बांधल्या जातील. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आहे, पाच वर्षांपर्यंत इतर बूस्टरही आहेत. प्रत्येक वेळी लपवणार का?

मात्र ‘थोडे थांबू या’ यालाही मर्यादा हवी. थांबणे म्हणजे काहीच न ठरवणे असे पतींना वाटत असेल, पण तोही एक निर्णयच आहे. आईकडून मिळालेले संरक्षण या वयापर्यंत जवळजवळ ओसरलेले असते. गोवराचे विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात आणि संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेली गोवराची साथ भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली, मुले दगावली, आणि नऊ महिन्यांखालची बाळेही आजारी पडू लागल्याने साथीच्या भागात सहाव्या महिन्यापासून जादा डोस द्यावा लागला. त्या साथीतली अनेक मुले लस न घेतलेली होती, आणि त्यांच्या घरी सगळीकडे लसविरोध होता असे समजू नका. रोजंदारी बुडते, गावी गेलो होतो, मागच्या वेळी ताप आला होता, अशा साध्या कारणांनी डोस राहून जातात. तुमच्या घरातले ‘थोडे थांबू या’ यांतल्या शेवटच्या कारणाच्या अगदी जवळचे आहे.

म्हणून पतींना प्रश्न विचारायला, डॉक्टरांना भेटायला, विचार करायला एक मुदत द्या, आणि ती दोघांनी मिळून कॅलेंडरवर लिहा. एक-दोन आठवडे पुरेत. त्यानंतरही ते तयार नसतील तर तुम्ही उघडपणे सांगा की अमुक दिवशी मी तिला घेऊन जाणार आहे, तुम्ही बरोबर आलात तर मला बरे वाटेल. लपवणे आणि परवानगी मागत बसणे यांच्या मधला हा रस्ता आहे. भांडण होईल कदाचित, पण ते समोरासमोर होईल. ज्या पत्रलेखिकांच्या घरी पतीच ठाम विरोधात आहेत त्यांनाही माझे हेच सांगणे आहे, आणि हिंसेची भीती असेल तर मात्र आधी माहेरचे माणूस किंवा आशाताई यांना विश्वासात घ्यावे.

राहिले लग्न. तिथे निरनिराळ्या गावांहून आलेली मुले दोन-तीन दिवस एका घरात असतील आणि तुमची मुलगी या मांडीवरून त्या मांडीवर फिरेल. लशीचे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढच्या आठवड्यात, किंवा मुदत देऊन त्यानंतरच्या पंधरवड्यात लस दिलीत तरी लग्नाआधी पुरेसा वेळ मिळतो आणि तापाचे दिवसही घरीच निघून जातात. कार्ड प्रवासाच्या पिशवीत ठेवा. ताप आणि पुरळ असलेले मूल मांडवात दिसले तर बाळाला दूर ठेवा आणि त्या मुलाच्या आईला तसे सरळ सांगा, त्यात कसलाच अपमान नाही. दिरांनी विषय काढलाच तर उत्तर तुम्ही देऊ नका, पतींना देऊ द्या. त्यांनी ‘दादा, मी स्वतः कुपीवरची वेळ बघितली’ एवढे म्हटले तरी पंक्तीत तो विषय तिथेच थांबेल. आणि दिरांना नंतर एकटे गाठून काही बोलायचे असेलच, तर लशीवर बोलण्याऐवजी त्यांच्या त्या नोकरीच्या दिवसांबद्दल विचारा.